झाडाखालची खोली

दिवसभर शहरबस चालवून घणाबाईचा नवरा घरी आला की हल्ली दारातूनच विचारायचा, "आज काय शिल्लक आहे?" प्रश्न जेवणाचा नसायचा. सोमवारी स्टूल सुटं झालं होतं, मंगळवारी खुर्ची, आणि परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सबंध पलंगच भिंतीला टेकून उभा होता, एकेका तुकड्यावर खडूने आकडा घातलेला. बिचाऱ्याने गादी जमिनीवर पसरली, उशी झटकली आणि आडवा झाला.

"परीक्षा तुझी आणि पाठ माझी," तो म्हणाला.

"अहो, उद्या झाली की लावते परत."

"मागच्या वेळीही हेच म्हणाली होतीस. कपाटाला अजून दार नाही."

ती पलंगाच्या तुकड्यांवरचे आकडे पुन्हा तपासत राहिली. मागच्या वेळेचा विषय निघाला की ती गप्प बसायची, आणि तिला गप्प बसवणं सोपं नव्हतं हे सगळी गल्ली जाणून होती.

घणाबाई हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. पण वीस-बावीस वर्षं जी बाई जुनी घरं पाडत आली, जिच्या हातात घण असला की शेजारचे लोक आपापल्या बरण्या फळीवरून खाली काढून ठेवायचे, तिला दुसरं काय म्हणणार? तिची टोळी सकाळी घरात शिरली की संध्याकाळी तिथे ढिगारा असायचा आणि दुसऱ्या दिवशी मोकळा प्लॉट. कामात ती चोख होती आणि तिला त्याचा अभिमानही होता. फक्त एक गोष्ट तिला खटकायची. घर पाडताना घरातली माणसं रस्त्यापलीकडे उभी राहायची आणि त्यांच्यातलं कुणीतरी हमखास काहीतरी मागायचं. एका बाईने एकदा फक्त एक खिडकी मागितली होती. त्या खिडकीत बसून आपण शिवणकाम शिकलो, असं काहीतरी ती सांगत होती. घणाबाई म्हणाली, "बघते," आणि बघेपर्यंत खिडकीचं सरपण झालं होतं. ती बाई नुसती निघून गेली. ते घणाबाईच्या मनात राहून गेलं.

मग बांधकामाचा नियम बदलला. जुनं घर आता फोडायचं नाही, सोडवायचं. तुळई, वासे, फळ्या, दारं, जे आहे ते अख्खं काढायचं आणि पुढच्या घरात वापरायचं. नवं बांधायचं तेही असं, की उद्या कुणाला हवं तर ते सुटं करून दुसरीकडे नेता यावं. म्हणजे खिळा नाही, गोंद नाही, सिमेंट नाही. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत, वरून खुंटी, आणि खुंटी ढिली वाटली तर पाचर. ज्याच्याकडे प्रशिक्षण केंद्राचं प्रमाणपत्र असेल त्यालाच हे काम. घणाबाईचा घण दाराआड उभा राहिला आणि पंचेचाळिशीच्या घरात आलेली घणाबाई सकाळच्या वर्गात बाकावर बसली.

वर्गाच्या सरांना सगळे हळू सर म्हणत. सरांचं सगळं शिक्षण त्या एका शब्दात मावायचं. करवत धरली की हळू, पटाशी धरली की हळू, चहाचा कप उचलला तरी हळू. घणाबाईला पहिले काही दिवस त्यांचा गळा धरावासा वाटायचा. सरांनी वर्गात लोखंडी हातोडा येऊच दिला नव्हता. लाकडी हातोडा, तोही हलका. तो हातात घेतला की आपण खेळण्यातलं काम करतोय असं तिला वाटे.

वर्गात तिच्या शेजारी बसायची ती तिची धाकटी नणंद. ही पूर्वीची शिंपीण. तयार कपड्यांनी तिचं दुकान बंद पाडलं, तेव्हा तीही इकडे आली. घणाबाई लाडात असली की तिला "अगं" म्हणायची आणि रागात असली की "वन्सं". नणंद मात्र पहिल्याच खेपेला पास झाली आणि केंद्राच्या पथकात दाखलही झाली. "त्यात काय आहे, वहिनी," ती म्हणायची. "उसवणं आहे हे. उसवताना आपण कापड ओढतो का? टाका कुठून घातला ते शोधतो, मग तिथूनच निघतो."

"तुझं सोपं आहे. कापड तुझ्या अंगावर कोसळत नाही."

परीक्षा अशी असायची. केंद्राच्या आवारात एक छोटी लाकडी खोली उभी असे. ती एकट्याने सुटी करायची, जड तुळया धरायला फक्त एक जोडीदार घ्यायचा. सर काम बघायला थांबत नसत. "हात काय, कुणाचेही छान दिसतात," ते म्हणत. "मला शेवटी तुकडे दाखवा." तुकडा चिरलेला नको, टवका उडालेला नको, आणि प्रत्येकावर अशी खूण हवी, की ज्याने ती खोली कधी पाहिली नाही त्यालाही नुसत्या खुणांवरून ती परत उभी करता यावी. मागच्या खेपेला घणाबाईने सगळी खोली सोडवली होती. डाव्या भिंतीतली खालून तिसरी फळी तेवढी अडून बसली. घणाबाईने तिला समजावलं, मग दटावलं, आणि मग संयम सुटून हातोड्याचा असा दणका दिला, की फळी उभी चिरली. सर आले, त्यांनी फळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "पुढच्या वेळी."

पुढची वेळ म्हणजे उद्या. आणि त्यापुढे वेळ नव्हती. पथकात एकच जागा उरली होती. उद्या ती गेली की घणाबाईला घरात बसून स्टुलं सोडवण्याखेरीज काही काम उरणार नव्हतं.

"झाडाखालची खोली," सरांनी आदल्या दुपारी जाताना सांगितलं होतं. "उजाडलं की सुरू करा. मी नऊला येतो. दहाला पाहुण्या येणार आहेत, तेव्हा त्याआधी आपलं आटपून टाकू."

पाहुण्या येणार होत्या त्या नव्या पाळणाघराच्या उद्घाटनाला. शिकायला येणाऱ्या बायकांची पोरं दिवसभर आवारात भुशात लोळत असत, म्हणून संध्याकाळच्या वर्गाने त्यांच्यासाठी एक खोली तयार केली होती. ती त्यांच्या कार्यशाळेत सुट्या तुकड्यांत पडून होती, सकाळच्या वर्गातल्या कुणी ती उभी अशी पाहिलीच नव्हती. माप मात्र परीक्षेच्या खोलीचंच. केंद्रात सगळं एकाच मापाचं, म्हणजे एकाची फळी दुसऱ्याला चालावी.

आता घणाबाईला जे ठाऊक नव्हतं, ते आपण आधीच सांगून टाकू, उगाच लपवाछपवी नको. सर गेल्यावर संध्याकाळच्या वर्गाच्या मास्तरांच्या मनात आलं, की पाहुण्यांना उन्हात कशाला उभं करायचं, उद्घाटन झाडाच्या सावलीत करू. झाडाखाली तर परीक्षेची खोली. दुसऱ्या कुठल्या संस्थेत माणसांनी खोली काही हलवली नसती, खुर्च्या हलवल्या असत्या. पण हे लोक खोल्या सोडवायलाच शिकलेले. त्यांनी परीक्षेची खोली पटापटा सुटी केली, मागच्या शेडपलीकडे नेऊन लावली, आणि झाडाखाली पाळणाघर उभं केलं. दाराला लाल फीत बांधली आणि खूश होऊन घरी गेले. सरांना कळवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. सकाळी दिसेलच की, असं प्रत्येकाला वाटलं.

उजाडता उजाडता घणाबाई आणि तिची नणंद आवारात शिरल्या. झाडाखाली खोली होती.

"वहिनी," नणंद म्हणाली, "ही जरा नवी नवी वाटते."

"तेल लावलंय. पाहुण्या येणार आहेत ना, सगळीकडे तेल लावलंय."

"आणि ही फीत?"

"मागच्या वेळीही बांधली होती पट्टी, विसरलीस का? परीक्षेची खोली आहे, कुणी आत शिरू नये म्हणून." ही गोष्ट खरी होती. मागच्या वेळची पट्टी लाल-पांढरी आणि प्लास्टिकची होती, पण त्या क्षणी घणाबाईला पट्टीच्या रंगाशी काही देणंघेणं नव्हतं. तिने फितीची गाठ बोटांनी सैल केली, फीत सोडली, गुंडाळी केली आणि तिच्यावर खडूने पहिला आकडा घातला. कापायचा विचारसुद्धा तिच्या मनात आला नाही. परीक्षा होती.

आत गेल्यावर मात्र ती थबकली. भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर खुंट्याच खुंट्या होत्या, कोपऱ्यात हातभर उंचीचा बाक होता, आणि मागच्या भिंतीला गोल खिडकी.

"सरांनी या वेळी पेपर अवघड काढलाय," ती म्हणाली.

"एवढ्याशा खुंट्या कशासाठी पण?"

"कशासाठी म्हणजे? मोजायला. एक जरी राहिली तरी गुण कापणार. ओळखते मी त्यांना."

नणंदेला पटलं नव्हतं. पण वहिनीच्या परीक्षेच्या दिवशी वहिनीशी वाद घालण्याइतकी ती वेडी नव्हती. तिने खिशातून शिंप्याचा खडू काढून दिला. खुणांची पद्धत तिचीच होती. जिथे दोन लाकडं भेटतात तिथे सोडवण्याआधी दोघांवरून एक आडवी रेघ ओढायची, आणि रेघेच्या दोन्ही टोकांना एकच आकडा. लावताना रेघ जुळली की समजायचं जागा बरोबर आहे. बाही खांद्याला जोडताना ती असंच करायची.

घणाबाई कामाला लागली, आणि काही तरी वेगळंच झालं. तिला घाई होईना. एकेक खुंटी ती मागच्या बाजूने हलकेच टोचायची, खुंटी डोकं वर काढायची, मग दोन बोटांनी ती ओढून घ्यायची. लाकडं सुटताना बारीक कुरकुरायची आणि मोकळी व्हायची. तुळई खाली घेताना दोघी एकमेकींकडे बघून मान हलवायच्या, बोलावं लागत नव्हतं. गोल खिडकी तिने चौकटीसकट काढली आणि कपड्यावर आडवी ठेवली. क्षणभर ती तिच्याकडे बघत उभी राहिली. इतक्या वर्षांत अख्खी खिडकी आपल्या हातून निघालेली ती पहिल्यांदाच बघत होती, आणि तिला फार बरं वाटलं.

एकच गोष्ट तिच्या मनाला लागली. डाव्या भिंतीतली खालून तिसरी फळी तिने मुद्दाम शोधली. ती चिरलेली फळी तिथे नव्हती, तिच्या जागी नवी कोरी होती.

"टाकली वाटतं सरांनी," ती म्हणाली. "इथे भुसासुद्धा टाकत नाहीत. माझी फळी टाकली."

नणंद काही बोलणार होती, पण तिच्या दोन्ही हातांत वासा होता आणि तोंडात खडू.

नऊ वाजायच्या आत तिथे खोली उरली नव्हती. झाडाखाली फळ्यांचे सारखे थर रचलेले, वासे एकीकडे, खुंट्या डब्यात, बाक सुटा, आणि सगळ्यांच्या वर फितीची लाल गुंडाळी. घणाबाईने हात झटकले आणि ती ऐटीत उभी राहिली. सर फाटकातून आत आले. त्यांच्यामागे खुर्च्या लावणारा माणूस हातगाडी ढकलत आला.

"मोजून घ्या, सर," ती म्हणाली. "एक टवका सापडला तर सांगा."

सरांनी तुकड्यांकडे पाहिलं. मग झाडाकडे पाहिलं. मग गोल खिडकीकडे पाहिलं, आणि ते हातगाडीच्या कडेवर बसले.

"पाळणाघर कुठाय?" ते अगदी हळू म्हणाले.

"कुठलं पाळणाघर?"

तेवढ्यात सकाळच्या वर्गातली एक बाई शेडमागून आली आणि म्हणाली, "सर, परीक्षेची खोली मागे कुणी नेली?"

घणाबाईच्या पायाखालची जमीन सरकली. तिला आधी खुंट्या आठवल्या, मग बाक, मग फीत, आणि एकेक आठवत गेलं तसा तिचा चेहरा उतरत गेला. नणंद म्हणाली, "मी म्हटलं होतं, नवी वाटते." घणाबाई म्हणाली, "वन्सं, आत्ता नको."

सरांनी संध्याकाळच्या मास्तरांना फोन लावला. मास्तर गावाबाहेर होते आणि त्यांचं पहिलं वाक्य होतं, "मग काय, झालं का छान?" सरांनी फोन ठेवला. खोली बांधणारे सगळे आपापल्या नोकऱ्यांवर, संध्याकाळशिवाय येणार नव्हते. ती कशी लागते हे इथे कुणालाच माहीत नव्हतं. "पाहुण्यांना कळवतो," सर म्हणाले. "पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगतो."

घणाबाईला तिथून पळून जावंसं वाटत होतं. घरी जावं, जमिनीवरच्या गादीत तोंड खुपसावं. पण तिने फळ्यांकडे पाहिलं. प्रत्येकीवर रेघ होती, आकडा होता. हे काम तिने स्वतः केलं होतं आणि ते बरोबर होतं हे तिला माहीत होतं.

"कळवू नका," ती म्हणाली. "लावू आपण."

"कोण लावणार? कुणी पाहिलेली नाही ती."

"तुम्हीच तर म्हणता, खुणा नीट असल्या की न पाहिलेल्यालाही लावता आली पाहिजे. माझ्या खुणा नीट आहेत."

वाक्य सरांचंच होतं. ते उठले, कोट काढून हातगाडीवर टाकला आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच म्हणाले, "चला, लवकर, लवकर."

ते "लवकर, लवकर" पुढे वर्षभर त्यांना ऐकवलं गेलं. पण त्या वेळी हसायला कुणाला फुरसत नव्हती. सकाळचा सगळा वर्ग बाह्या सरसावून कामाला लागला. नणंद एकेक तुकडा उचलून मोठ्याने आकडा सांगायची, दोघं तो घेऊन पळायचे, रेघेला रेघ लावायचे, तिसरा खुंटी सारायचा. खालची चौकट बसली, खांब उभे राहिले, भिंती चढल्या. खुर्च्या लावणारा माणूस खुर्च्या लावायचं विसरून बघत उभा होता. घणाबाई मधोमध होती आणि तिचा आवाज चढला नव्हता, याचं तिच्या ओळखीच्या माणसांना जास्त आश्चर्य वाटलं.

वरची शेवटची तुळई मात्र बसेना. एक टोक खाचेत गेलं, दुसरं बोटभर वर अडलं. चौघांनी दाबलं, ते हललं नाही. कुणीतरी म्हणालं, "एक द्या ठेवून वरून, बसेल." दुसरा म्हणाला, "अहो घणाबाई, तुमचंच काम आहे हे." तेवढ्यात फाटकाबाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

खुर्च्या लावणाऱ्याजवळ तंबूच्या मेखा ठोकायचा लोखंडी हातोडा होता. त्याने मोठ्या भल्या मनाने तो तिच्या हातात दिला.

वर्षभरात लोखंड तिच्या हातात आलं नव्हतं. ते वजन तळव्यात पडलं आणि तिचा खांदा आपोआप मागे गेला. एक घाव. एका घावात ती तुळई बसली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याच घावात खाचेची कड उडाली असती, हेही तिला तितकंच पक्कं ठाऊक होतं. सगळे तिच्याकडे बघत होते. सर काहीच म्हणाले नाहीत, हळूसुद्धा नाही.

तिने हातोडा खाली ठेवला.

"उतरवा," ती म्हणाली.

"गाडी आली, वहिनी," नणंद म्हणाली.

"येऊ दे. उतरव."

तुळई खाली आली. घणाबाईने दोन्ही टोकांवरच्या रेघा पाहिल्या, मग खांबांवरच्या पाहिल्या. घाईत टोकं उलटली होती, डावीकडचं उजवीकडे गेलं होतं. दोघांनी तुळई फिरवली, वर चढवली, आणि ती खाचेत जाऊन बसली, फार तर तळहाताची एक थाप लागली. नणंदेने खुंटी सारली. कुणीतरी धावत जाऊन फीत बांधली, आणि घाईघाईत दोघातिघांनी ओल्या फडक्याने दर्शनी भिंतीवरचे खडूचे आकडे पुसले.

पाहुण्या म्हणजे एक उंच, शांत, पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी खोलीकडे पाहिलं, घामाघूम झालेल्या सगळ्या वर्गाकडे पाहिलं, आणि विचारलं, "इतकी मेहनत करतात का रोज सकाळी?"

"रोज नाही," सर म्हणाले.

मग बाईंनी कात्रीसाठी हात पुढे केला. कात्री फितीला लागणार, एवढ्यात घणाबाईच्या तोंडून निघून गेलं, "कापू नका."

सगळे तिच्याकडे वळले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सुटते ती," ती कशीबशी म्हणाली. "गाठ सैल आहे. म्हणजे, परत कामाला येईल."

बाईंनी एक क्षण विचार केला, कात्री सरांच्या हातात दिली आणि दोन बोटांनी गाठ ओढली. फीत सुटून खाली आली. बाईंनी ती गुंडाळली आणि घणाबाईच्या हातात ठेवली. टाळ्या वाजल्या. पोरं खोलीत घुसली, आणि त्यातल्या एकाने खुंटीला आपला डबा अडकवलासुद्धा.

पाहुण्या गेल्यावर घणाबाई सरांसमोर जाऊन उभी राहिली. तिला जे विचारायचं होतं ते सरांनाही माहीत होतं.

"तुमची परीक्षा अजून झालेली नाही," सर म्हणाले. "परीक्षेची खोली मागे आहे."

"सर, अहो," नणंद म्हणाली, "सगळ्यांसमोर एवढं केलं तिने."

"केलं. पण ते दहा जणांनी मिळून केलं. आणि चूकही त्यांचीच होती, थोडी आमची. असं दिलेलं प्रमाणपत्र त्यांनाच उद्या बोचेल."

आश्चर्य म्हणजे घणाबाईला राग आला नाही. तिलाही तसंच वाटत होतं. ती चहाचा एक कप उभ्याउभ्या प्यायली, लाकडी हातोडा घेतला आणि शेडमागे गेली. नणंद खडू घेऊन तिच्या मागोमाग गेली.

दुपार चढत गेली. छप्पर उतरलं, वासे उतरले, तुळया उतरल्या. सकाळपेक्षा सगळं सोपं जात होतं. मग डाव्या भिंतीत ती खालून तिसऱ्या फळीपाशी आली आणि तिचे हात थांबले.

फळी तीच होती. तिने चिरलेली. चिरेवर ओळीने तीन चिपा बसवल्या होत्या, मधे निमुळत्या आणि दोन्ही टोकांना रुंद, कापडाचे दोन काठ घट्ट धरून ठेवावेत तशा. चिपा वेगळ्या लाकडाच्या होत्या, गडद रंगाच्या, लपवायचा प्रयत्नच केला नव्हता.

"टाकली नव्हती?" तिने विचारलं.

"इथे टाकायचं कुठे? टाकायला जागाच ठेवलेली नाही," नणंद म्हणाली. "सरांनी माझ्याकडे दिली होती, पास झाल्यावर पहिलं काम म्हणून. फाटलं तर ठिगळ लावते मी, वहिनी. तेवढंच येतं मला."

"आणि इतके दिवस बोलली नाहीस?"

"सकाळी सांगणारच होते. तोंडात खडू होता."

घणाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने पुसलंही नाही. तिने फळीवर तळहात टेकवला. खुंटी मागून टोचली, ती निघाली. फळी हलली नाही, मागच्यासारखीच अडून बसली. घणाबाई खाली वाकली, खाचेत डोळा घालून बघितलं, आणि तिला दिसलं की फळी वर उचलायची नव्हतीच, आधी थोडी बाजूला सरकवायची होती. मागच्या वेळीही तसंच होतं. तिने पाहिलंच नव्हतं, इतकंच. तिने फळी सरकवली आणि ती सुटून तिच्या दोन्ही हातांवर आली, तीन ठिगळांसकट, अख्खी.

सर आले तेव्हा तुकडे रचलेले होते. त्यांनी सगळ्यांवरून बोट फिरवलं, त्या फळीवरून जरा जास्त वेळ. मग खिशातून पेन काढून म्हणाले, "उद्यापासून पथकात. सकाळी लवकर या." आणि स्वतःच्याच शब्दाने ते जरा ओशाळले.

घणाबाईने नवऱ्याला फोन लावला. "झाले पास," ती म्हणाली. "पलंग लावून ठेवा. सगळ्यावर आकडे घातलेत, रेघेला रेघ जुळवायची."

पलीकडे बसथांब्याचा नव्हे, घरातला आवाज येत होता. "तो मी केव्हाच लावला," नवरा म्हणाला. "आज सुट्टी टाकली होती. तू पास होणार म्हणून. पण एक खुंटी उरलीय आणि एक बाजू जरा वर आहे. हातोडी घेतलीय, एक ठोका दिला की बसेल."

"हळू," घणाबाई म्हणाली. "ठोकू नका. मी येतेय."